गाडीचे दात

गाडी विकून आलो त्या दिवसापासून लोक दोनच प्रश्न विचारायलेत. पहिला, कितीला गेली. दुसरा, कुणाला दिली. पहिल्याचं उत्तर आहे माझ्याकडं, एक लाख बहात्तर हजार. दुसऱ्याला मी म्हणतो डीलरला दिली, समोरचा मान हलवतो, विषय संपतो. फक्त आमचे अण्णा मान हलवत नाहीत. वय झालंय, ऐकू कमी येतं, पण नेमकं हे मात्र बरोबर ऐकू येतं. म्हणतात, "डीलर म्हंजे दलालच की रे. दलालाला कुणी इकत असतंय का? दलालानं कुणाला इकली ते सांग."

आता हे मला कुठून माहीत असणार.

गाडी म्हणजे वॅगन-आर, २०१२ ची, पेट्रोल, राखाडी. लातुरात तेव्हा दर तिसरी गाडी पांढरी दिसायची म्हणून हट्टानं राखाडी घेतली, आणि शोरूमवाल्या पोरानं तेव्हाच सांगितलं होतं की सर, रिसेलला पांढरी बरी पडते. मी मनात म्हटलं, अरे अजून पेढे वाटले नाहीत आणि हा विकायचं काढतोय. तेरा वर्षांनी तो पोरगा बरोबर निघाला, रंगाचे चार हजार कटले.

खरं तर गिऱ्हाइकं घरातच तीन होती. धाकट्या मेव्हण्याला पाहिजे होती, शाळेतल्या एका सरांना पोराचा हात बसवायला पाहिजे होती, आणि गल्लीतल्या किराणावाल्यानं तर "सर तुमची गाडी म्हणजे आपण डोळे झाकून घेणार" असं जाहीरच करून टाकलं होतं. डोळे झाकून घेतो म्हणणाऱ्याला गाडी विकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुढं कधीतरी तो डोळे उघडतो, आणि तेव्हा आपण त्याच्या समोरच राहत असतो. मेव्हण्याचं वेगळंच. "दाजी, घरचा भाव लावा," म्हणे. घरचा भाव म्हणजे अर्धे आत्ता आणि अर्धे सोयाबीन आल्यावर. आणि सोयाबीनचं २०२५ ला काय झालं ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको, सप्टेंबरच्या पावसात कुणाचं कुजलं, कुणाचं शेतासकट वाहून गेलं. त्याच्याकडं पैसे मागायचं तोंडच राहिलं नाही, आणि त्यानंही विषय काढला नाही. दोघांचीही सुटका झाली असं म्हणू.

पण ओळखीत विकायची नाही हे मी पावसाच्या आधीच ठरवलं होतं, कारण स्प्लेंडर. ती गोष्ट थोडक्यात अशी की जुनी स्प्लेंडर मी बऱ्याच वर्षांपूर्वी निलंग्याकडच्या एका पाहुण्यांना दिली होती. सोयरीकच, त्यामुळं कागद-बिगद काही नाही, "नाव काय, होतंय की निवांत," असं त्यांनी म्हटलं आणि मीही चहा पिऊन एसटीनं परत आलो. ते निवांत काही झालं नाही. पाहुण्यांनी पुढं कुणालातरी दिली, त्यानं आणखी कुणाला, आणि मग माझ्या मोबाइलवर ई-चलन यायला लागली. विना हेल्मेट. ट्रिपल सीट. एकदा तर शाळेत परिपाठ चालू असताना मेसेज आला, फोटो उघडून बघितला तर माझ्या गाडीवर तीन अनोळखी पोरं, मधला दात काढून हसतोय. पाहुण्यांना फोन केला तर म्हणाले, "ते होय, तो गेला की आता पुण्याला कंपनीत." कोण गेला, गाडी कुठंय, काही पत्ता नाही. दंड मी भरला. आणि सोयऱ्याला जास्त बोलता येत नाही, लग्नकार्यात पंगतीला शेजारीच बसतात.

त्याच वेळी एका वकील मित्रानं घाबरवून ठेवलं. सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे म्हणाला, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. गाडी एकानं दुसऱ्याला विकलेली, दुसऱ्यानं तिसऱ्याला, अशी हातोहात फिरलेली, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच, आणि मग अपघात झाला, त्यात एक लहान मूल गेलं. कोर्टानं सांगितलं की कायद्याच्या नजरेत मालक तोच ज्याचं नाव आरटीओच्या दप्तरात, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर. विकली होती, पैसे घेतले होते, ताबा दिला होता, हे सगळं खरं असलं तरी. म्हणजे गाडी दारातून गेली की व्यवहार संपला असं आपण समजतो तेव्हा तो निम्मासुद्धा झालेला नसतो. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमात विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत, असं सगळं लिहिलेलं आहे. पाहुण्यांना कोण वाचून दाखवणार.

तर ठरलं, ओळखीत नाही. कमी आले तरी चालतील.

दिवसही नेमके पडत्या भावाचे निघाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, वरचा सेसही गेला, आणि दसऱ्या-दिवाळीला लोकांनी नव्या गाड्यांना रांगा लावल्या. त्यात मीही होतो, खोटं कशाला बोलू. पण नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप खाली बसतो हे नवी घेताना कुणी सांगत नाही. अंबाजोगाई रोडचा एक कारबाजारवाला म्हणाला, "सर, ऑगस्टात आला असता तर मी दोन लाख तुमच्या हातावर ठेवले असते." ऑगस्टात गेलो असतो तर म्हणाला असता दिवाळीत या.

आधी नवी घेतो तिथंच एक्सचेंजला टाकू म्हणून विचारून बघितलं. तिथं एक गंमत असते. जुनीचे दीड लाख, वर पंचवीस हजार एक्सचेंज बोनस, म्हणजे पावणेदोन, असं तो पोरगा कॅल्क्युलेटर फिरवून आपल्याला दाखवतो आणि आपण खूश. मग मी म्हटलं, समजा जुनी दिलीच नाही, तर नवी कितीला? मग हळूच कळलं की तसं केलं तर नवीवर वेगळी एक सूट आहे, ती एक्सचेंज घेतलं की मिळत नाही. म्हणजे या खिशातलं त्या खिशात. तेव्हा दोन्ही भाव नेहमी वेगवेगळे काढून घ्यावेत, एका कागदावर दोन्ही गाड्या आल्या की माझ्यासारख्या गणिताच्या मास्तरचाही गोंधळ होतो. मोबाइलवरच्या एका ॲपनं घरबसल्या एक लाख पंच्याऐंशी सांगितले होते, त्यांचा माणूस प्रत्यक्ष येऊन गेल्यावर ते एक अठ्ठेचाळीस झाले. शेवटी बार्शी रोडला एका डीलरच्या जुन्या गाड्यांच्या विभागात नुसतीच विकायची म्हणून घेऊन गेलो. तिथून नवी काही घ्यायची नव्हती, त्यामुळं बोलायला मोकळा होतो.

पण त्याच्या आधी कागद. आरसी काढून बघितली तर तिच्यावर अजून बँकेचा बोजा! कर्ज २०१७ ला फिटलं होतं, शेवटचा हप्ता भरल्यावर बँकेनं एनओसी आणि फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरवायचा अर्ज, व्यवस्थित पाकिटात घालून दिलेलं, मी ते पाकीट कपाटात ठेवलं आणि आठ वर्षं त्याच्यावर लाईट बिलं रचत गेलो. चूक शंभर टक्के माझी. आणि मजा म्हणजे आरसीवर नाव स्टेट बँक ऑफ हैदराबादचं. १९४१ ला निजामाच्या राज्यात निघालेली ही बँक, मराठवाड्यातल्या निम्म्या मास्तरांचे पगार तिच्यातच व्हायचे, ती १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. म्हणजे माझी गाडी अशा बँकेकडं गहाण होती जी आता या जगातच नाही. निजाम गेला, हैदराबाद बँक गेली, बोजा तेवढा राहिला. जुनं पत्र फार शिळं झालं म्हणून नवीन काढून घ्यावं लागलं, मग आरटीओत फॉर्म ३५, मग बोजा उतरला. शिवाय उच्च सुरक्षावाली ती नवीन नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना लागते, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, तीही बसवून घेतली, कारण तिच्याशिवाय आरटीओतलं पुढचं काम अडतं. विकायच्या गाडीला नवीन पाटी लावताना कसंतरीच वाटतं. पाठवणीच्या आधी पोरीला नवी साडी घेतात तसं काहीतरी.

शनिवार होता, सकाळची शाळा करून आलो, गाडी धुऊन घेतली. डिकीतून सगळं सामान काढलं. छत्री, जॅकची पिशवी, मुलीच्या क्लासच्या जुन्या झेरॉक्स, ती आता पुण्यात नोकरी करते. आणि कूलंटची बाटली. गाडीचा कूलंट दर दोन-तीन आठवड्यांनी थोडा खाली जायचा, मिस्त्री म्हणाला होता रेडिएटर बदलावा लागतोय, मी म्हणालो बघू, आणि तेव्हापासून बाटली डिकीत असायची. हिरवी, अर्धी भरलेली. ती काढून ओट्यावरच्या खिडकीत ठेवली. रेडिएटरची टाकी वरच्या रेघेपर्यंत भरली. मग निघालो.

गाडी तपासायला जो पोरगा आला तो असेल पंचविशीचा. हातात टॅब, कमरेला एक छोटंसं यंत्र. ते यंत्र दाराला, बॉनेटला, खांबांना टेकवत गेला. रंगाचा थर किती जाड आहे ते मायक्रॉनमध्ये दाखवतं, कंपनीचा रंग शंभर-सव्वाशेच्या आसपास भरतो आणि जिथं पुट्टी भरलेली असते तिथं आकडा एकदम उडी मारतो. डाव्या मागच्या दाराला त्यानं टेकवलं आणि माझ्याकडं बघितलं. "उसाची ट्रॉली," मी म्हणालो. "रेणापूर नाक्याला." त्यानं टॅबवर काहीतरी दाबलं. मग बॉनेट उघडून बोल्टांच्या डोक्यांवर बोट फिरवलं, पाना लागलेला आहे का ते बघायला, सीलंटची रेघ बघितली, आणि मग उकिडवा बसून टायर बघायला लागला. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन म्हणजे कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. माझ्या पुढच्या दोन्हीवर ३४१९. म्हणजे २०१९ चा चौतिसावा आठवडा. मागचे त्याहून जुने.

मला एकदम हाळी-हंडरगुळीचा बाजार आठवला.

आमचं गाव त्याच भागातलं, उदगीर तालुक्यातलं. देवणी जनावरांचा मुलूख. लहानपणी अण्णांबरोबर बैलबाजारात जायचो तेव्हा घेणारा माणूस आधी बैलाच्या तोंडाशीच यायचा, एका हातानं नाक धरून दुसऱ्यानं ओठ वर करायचा आणि दात बघायचा. अदंत, दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे आले की जुळलेला. जुळल्यावर मग वय नुसत्या अंदाजानं. विकणारा काहीही सांगो, बैलाचं तोंड खोटं बोलत नाही असं अण्णा म्हणायचे. मग पाठीवर हात, खूर, शेपटी, मग चार पावलं चालवून. तेव्हा बैलाला कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी बार्शी रोडला समजलं. फरक एवढाच की बाजारात बघणाऱ्याच्या बोटाला शेणाचा वास असायचा आणि याच्या बोटाला सॅनिटायझरचा.

सीटबेल्ट त्यानं शेवटपर्यंत बाहेर ओढला आणि निरखून बघितला. मी विचारलं हे काय. म्हणाला, "सर यंदा पुराच्या गाड्या लई यायल्यात. वरून धुऊन आणतात, बेल्टच्या शेवटच्या टोकाला मातीची रेघ राहते." बेल्ट स्वच्छ होता. मग त्यानं डिकीचं कार्पेट उचललं आणि थांबला. खाली सगळा गंज. बोटानं खरवडलं तर पापुद्रा निघाला.

"गाडी पाण्यात होती का सर?"

आता याला काय सांगायचं. गाडी पाण्यात नव्हती, पाणी गाडीत होतं. २०१६ चा उन्हाळा. मांजरा धरणात मातीच्या भेगा, नळ बंद, पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदीचं १४४ कलम लावलं होतं सरकारनं, आणि १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पाच लाख लिटरची पहिली खेप आली तेव्हा लोक स्टेशनवर बघायला गेले होते. त्या चार महिन्यांत मी रोज शाळेतून येताना वीस लिटरचे चार-पाच जार डिकीत टाकून आणायचो, कधी ओळखीच्याच्या बोअरवरून, कधी गावाकडून. जारची झाकणं कधी नीट बसायची नाहीत, खड्ड्यात गाडी उडली की पाणी सांडायचं, आणि सांडलेल्या पाण्याचंच जास्त वाईट वाटायचं, गाडीचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. ओलं कार्पेट बायको रात्री काढून पिळायची. हे कौतुकानं सांगत नाही, ते पिळलेलं पाणी संडासाला वापरायचो आम्ही.

हे सगळं मी त्या पोराला सांगितलं. तो हसला, म्हणाला, "माहितीय की सर, मी आठवीत की नववीत होतो, आमच्या गल्लीत टँकर आला की मी आणि बहीण कळशा घेऊन पळायचो." दोन मिनिटं आम्ही दोघं डिकीपाशी उभं राहून कुणाच्या गल्लीत कितव्या दिवशी टँकर यायचा तेच बोलत बसलो. मग त्यानं टॅब उचलला. टॅबमध्ये गंजाला एक रकाना होता आणि त्याचे सात हजार वजा होत होते. दुष्काळाचा गंज आणि पुराचा गंज असे वेगळे रकाने नव्हते. त्याच्या चेहऱ्यावरून मला वाटलं असते तर त्यानं पहिलाच दाबला असता.

इंजिन चालू केलं, एक वायर लावून स्कॅनर जोडला, काही एरर नाही. टाकी बघितली, वरच्या रेघेपर्यंत भरलेली. "इंजिनला काही प्रॉब्लेम सर?" "काही नाही," मी म्हणालो. खरं म्हणजे इंजिनला काहीच नव्हतं.

अण्णांचा एक बैल बसका होता. औताला जुंपला की चार तासं, म्हणजे नांगराच्या ओळी, ओढायचा आणि पाचव्याला मधेच बसायचा, काही केलं तरी उठायचा नाही. दिसायला देखणा, ठिपक्याचा, शिंगं अशी. तो अण्णांनी बाजारात विकला, घेणाऱ्यानं दात बघितले, चालवून बघितला, औताला कसा आहे ते विचारलंच नाही आणि अण्णांनी सांगितलं नाही. आठव्या दिवशी तो माणूस आमच्या ओट्यावर येऊन बसला. भांडला नाही. पाणी मागितलं, प्यायला, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाला, "एवढं सांगायला पायजे होतं, पाव्हणं." आणि गेला. बैल परत केला नाही, पैसे मागितले नाहीत. मी तेव्हा दुसरीत असेन. त्यानंतर अण्णांनी जितकी जनावरं विकली तितक्या वेळा आधी खोड सांगितली, मगच रुमालाखाली हात घातला. भाव पाडून घ्यायचे स्वतःचा. आई चिडायची.

रुमालाचं नव्या पोरांना माहीत नसेल. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नसत. दलाल आणि विकणारा एकमेकांचा हात रुमालाखाली धरायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचे, चारचौघांना कळू नये म्हणून. वरून दोघांचे चेहरे एकदम कोरे, खाली बोटांची झटापट. इथं रुमाल नव्हता, काचेची केबिन होती. पोरगा "सरांना विचारून येतो" म्हणून आत जायचा, आतले सर माझ्याकडं न बघता टॅबकडं बघायचे, पोरगा बाहेर यायचा, आकडा दोन हजारानं हललेला असायचा. दीड लाखापासून सुरू झालं. पासिंग २०२७ ला संपतंय, रिन्यूचे ५ हजार सरकारी फी आणि वर फिटनेसचा खर्च, हे त्यांचं हत्यार. फर्स्ट ओनर, शहाण्णव हजार किलोमीटर, सगळी सर्व्हिस बिलं फाइलला लावलेली, हे माझं. तिसरा चहा झाल्यावर एक बहात्तरला थांबलो.

महाग विकली की स्वस्त, यावर बायकोचं आणि माझं अजून एकमत नाही. तीन आठवड्यांनी तीच गाडी मी त्यांच्या जाहिरातीत बघितली, चकाचक पॉलिश, दोन लाख एकोणीस हजार. बायको म्हणाली बघा, सत्तेचाळीस हजाराला बुडालात. मी तिला समजावलं की डीलरला मधल्या फरकावर १८ टक्के जीएसटी आहे, सत्तेचाळीस हजारावर ८,४६० रुपये तिथंच गेले. २०२४ च्या डिसेंबरात जैसलमेरला जीएसटी कौन्सिलनं हे केलं तेव्हा आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर दंगा झाला होता की आता जुनी गाडी विकली की आपल्यालाच टॅक्स, तसं नाहीये, माणसानं माणसाला विकली तर काहीच नाही, जीएसटी नंबरवाल्या डीलरलाच आहे तो, आणि तोही नफ्यावर. शिवाय मागचे टायर, दाराचं काम, नाव बदलायचा खर्च, जागा, पोरांचे पगार. "म्हणजे तुम्ही त्यांच्या बाजूनं आहात," ती म्हणाली.

पैशांचं सांगायचं तर "लगेच आरटीजीएस मारतो सर" म्हणाले, मी म्हटलं दोन लाखांच्या खाली आरटीजीएस होत नाही, एनईएफटी करा. पैसे खात्यात दिसेपर्यंत चावी दिली नाही. तिथला सोफ्यावरचा पाऊण तास, समोर टीव्हीवर आवाज बंद करून लावलेल्या बातम्या, आणि मी दर मिनिटाला मोबाइल बघतोय. मग कागद पुढं आले. नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, लोक टीटी फॉर्म म्हणतात, घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. "सही करा फक्त, नाव आम्ही भरतो गिऱ्हाईक आलं की." स्प्लेंडरवरचा तो मधला पोरगा माझ्याकडं बघून दात काढून हसला.

मी विचारलं, तुमच्याकडं अधिकृत डीलरचं आरटीओचं सर्टिफिकेट आहे का? कारण १ एप्रिल २०२३ पासून नियम बदललेत, अधिकृत डीलरला गाडी दिली की फॉर्म २९सी नं तसं पोर्टलवर कळवता येतं, आणि तिथून पुढं गाडीचा मानीव मालक डीलर, गाडी विकली जाईपर्यंत काही झालं तर जबाबदारी त्याची. मला वाटलं आता ते चकित होतील. आतले सर पहिल्यांदाच केबिनबाहेर आले आणि म्हणाले, "मास्तर दिसता." मग म्हणाले की ते आमच्याकडं अजून प्रोसेसमध्ये आहे. प्रोसेसमध्ये आहे म्हणजे नाही, एवढं मराठी मला येतं. तेव्हा उठून यायला पाहिजे होतं का? पाहिजे होतं बहुतेक. पण पैसे आले होते, ऊन होतं, गाडी धुऊन आणली होती. शेवटी त्यांच्या लेटरहेडवर ताबा पावती लिहून घेतली, तारीख, वेळ, मीटरचं रीडिंग, इंजिन आणि चेसिस नंबर, इथून पुढं चलन-अपघात सगळी जबाबदारी आमची, शिक्का, सही. सगळ्याचे फोटो काढले. सुप्रीम कोर्टापुढं हा कागद किती टिकेल ते वकील मित्राला मुद्दाम विचारलं नाही.

फास्टॅग तिथंच उभं राहून बंद केला. इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम केला नाही की मिळणारी सूट, गाडीबरोबर जात नाही, तो माणसाचा असतो, माझा ५० टक्क्यांवर पोचलेला, त्याचं पत्र कंपनीकडून काढून घेतलं आणि नव्या गाडीच्या पॉलिसीला लावलं. हे न विचारता कुणी सांगत नाही म्हणून लिहिलं.

रिक्षानं घरी आलो. अण्णा ओट्यावर बाजेवर बसलेले. बैल विकला तरी अण्णा दावं कधी द्यायचे नाहीत, सोडून घरी आणायचे आणि गोठ्यातल्या खुंटीला अडकवायचे. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. मी पिशवीतून चावीचं कीचेन काढून दाखवलं, तुळजापूरहून आणलेलं. ते काही बोलले नाहीत.

मग सुरू झालं ॲप बघणं. सरकारी ॲपवर गाडी नंबर टाकला की माहिती येते, मालकाचं पूर्ण नाव दाखवत नाहीत, मधली अक्षरं फुल्यांनी झाकलेली. रोज सकाळी चहाबरोबर मी नंबर टाकायचो आणि फुल्यांमधून माझंच नाव माझ्याकडं बघायचं. नोव्हेंबर गेला. डिसेंबरात डीलरला तीन फोन केले, "गिऱ्हाईक बघून गेलंय सर, लोनचं चाललंय." अनोळखी नंबरवरून मेसेज आला की पोटात गोळा, चलन तर नाही. नाताळच्या सुट्टीत बार्शी रोडनं मुद्दाम गेलो तर गाडी बाहेरच्या रांगेत उभी, काचेवर भावाचं स्टिकर. ओळख न दाखवता पुढं निघून गेलो. संक्रांतीनंतर गेलो तर ती जागा रिकामी होती.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी नंबर टाकला आणि फुल्या बदललेल्या. पहिलं अक्षर वेगळं, आडनावाचं पहिलं अक्षर वेगळं, आणि आरटीओ लातूरच्या जागी धाराशिव. मी स्क्रीनशॉट काढला, वकील मित्राला पाठवला, बायकोला दाखवला, आणि मग बाहेर ओट्यावर जाऊन अण्णांच्या कानाशी मोठ्यानं म्हणालो, "अण्णा, गाडी धाराशिवकडं गेली. नाव झालं."

"कुणाच्या?"

"ते कळत नाही. र वरून आहे कुणीतरी."

त्यांनी थोडा वेळ विचार केला. बैल लांबच्या गावाला गेला की विचारायचे तसंच विचारलं, "पाणी हाय का त्या गावाला?"

मला हसू आलं. म्हणालो, "अण्णा, गाडीला कशाला पाणी लागतंय?"

त्यांनी काठीनं खिडकीकडं दाखवलं. हिरवी बाटली तिथंच होती, नोव्हेंबरपासून, वर धूळ बसलेली.

"रेडिएटरला," अण्णा म्हणाले.